ओवी कुणाची?

सर्जापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीत चाळीसेक मराठी घरं आहेत. दर कोजागिरीला गच्चीवर जमायचं, मोठ्या पातेल्यात दूध आटवायचं, कागदी पेल्यांतून वाटायचं आणि गाणी म्हणायची, असा आमचा रिवाज आहे. बंगळूरला त्या दिवसांत पाऊस रेंगाळत असतो, त्यामुळे चंद्र दिसला तर दिसला. दिसला तरी दोन टॉवरांच्या फटीतून दिसतो. समोर चालू असलेल्या बांधकामाचे दिवे इतके प्रखर असतात, की चांदणं म्हणून वेगळं काही पडलं आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तरीही आम्ही वर बघतो आणि म्हणतो, "काय सुंदर आहे!"

तीन वर्षांपूर्वी या कार्यक्रमाला विषय ठरला 'चांदण्यातली लोकगीतं'. लोकांनी खूप गाणी म्हटली. त्यातली बरीचशी जुन्या सिनेमांतली होती, काही आकाशवाणीवरची भावगीतं, दोन कोळीगीतं, एक लावणी. लोकगीत असं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं, पण कुणाला ते खटकलं नाही, मलाही नाही. माझ्याकडे मात्र खरी गोष्ट होती. माझ्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर होतं. त्यात एक ओवी चंद्र मावळण्याची होती, आणि तिच्यात सासूचा उल्लेख होता. मी ती स्पीकरवर लावली.

नुसती लावली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. आधी मी प्रस्तावना केली. म्हटलं, ही माझी आई. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली. माझी आजी फार कडक होती, पहाटे चारला उठवून दळायला बसवायची. त्या जाचातून हे गाणं आलेलं आहे. मग ओवी वाजली. टाळ्या पडल्या. एकदोघींचे डोळे ओले झाले. कुणीतरी केलेला व्हिडिओ तासाभरात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला.

माझी आत्या त्यानंतर आठ महिने आईशी बोलली नाही.

आत्या म्हणजे माझ्या आजीची मुलगी, आईची नणंद. जात्याला दोघी लागतात. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एकीनं वैरण घालायची. आईच्या समोर पहाटे बसायची ती ही आत्याच, तेव्हा चौदा वर्षांची. ज्या ओवीवरून ती रागावली, ती तिनं शेकडो वेळा आईबरोबर म्हटली होती. पहिली ओळ आईनं उचलायची, दुसरी आत्यानं. आपल्याच आईविरुद्धचं गाऱ्हाणं मुलगी सूर लावून म्हणत होती, आणि पलीकडच्या खोलीत आजी ते ऐकत होती. त्या वेळी कुणालाच काही लागलं नाही. मग साठ वर्षांनी, आजी जाऊन वीस वर्षं झाल्यावर, तीच ओवी आत्याच्या जिव्हारी का लागली?

मी आईला फोन केला तेव्हा मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, म्हातारपणी माणसं अशीच हळवी होतात. ती म्हणाली, "अरे, ओवी सगळ्यांची असती. तू ती माझी केलीस."

या वाक्याचा अर्थ लावण्यात माझी तीन वर्षं गेली आहेत.

सुरुवात चंद्रापासून करतो, कारण चूक तिथूनच सुरू झाली. गाण्यातला चंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संध्याकाळ येते. जेवणं उरकली आहेत, कुणाला घाई नाही, कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं आहे. हा शुक्ल पक्षाचा चंद्र आहे. तो दिवस मावळताना आकाशात असतो, म्हणून ज्यांची संध्याकाळ मोकळी आहे त्यांच्या वाट्याला येतो. पण शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला त्या पंधरवड्यातल्या बहुतेक दिवशी काळोखच मिळतो. तिला चांदणं मिळतं ते कृष्ण पक्षात. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो आणि तिच्या उठायच्या वेळेला चांगला वर आलेला असतो. कोजागिरीचा पूर्ण चंद्रसुद्धा तिला दिसतो तो पश्चिमेला उतरताना, बाकीच्यांचं दूध पिऊन झाल्यावर.

म्हणजे एकाच आकाशात दोन चंद्र आहेत, एक उत्सवाचा आणि एक कामाचा. कामाचा चंद्र घड्याळासारखा वापरला जातो. तो कुठवर आला यावरून किती दळण उरलं, पाण्याला कधी निघायचं, हे ठरतं. आईच्या ओवीतला चंद्र हा असा होता. मी त्याला उत्सवाच्या चंद्राच्या कार्यक्रमात नेऊन बसवलं.

प्रीतीचंही तसंच. जात्यावरच्या ओव्यांत प्रेम भरपूर आहे, पण ते आपण शोधतो त्या ठिकाणी फारसं सापडत नाही. तिथं भाऊ आहे, त्याची वाट आहे, लेकरू आहे, माहेर आहे, पंढरी आहे, वनवासातली सीता आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. नवराही आहे, पण बहुधा आडून. ज्याचं नाव घ्यायची मुभा नाही त्याच्याबद्दल बोलायची ती रीत आहे. चांदण्यातली सरळ प्रणयाची गाणी हवी असतील तर लावणीकडे जावं लागतं, आणि तिचा श्रोता वेगळा होता.

आता कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? गाणी एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जातच असतात. अंगाई मैफलीत म्हटली जाते, कीर्तनातला अभंग सिनेमात जातो. कष्टातून निघालेल्या गाण्याचा आनंद कष्ट न करणाऱ्यानं घेऊ नये असा नियम केला, तर कलेचा बराचसा भाग बंद करावा लागेल. हे मला मान्य आहे. सर्जापूर रोडवरच्या ज्या इमारतीत मी राहतो, ती रायचूर-यादगीरकडून आणि ओडिशा-बंगालकडून आलेल्या माणसांनी बांधली. त्यांच्या कष्टाचा उपभोग मी रोज घेतो. गाण्याच्या बाबतीतच एकदम सोवळं नेसणं हा ढोंगीपणा होईल.

शिवाय जातं परत यावं असं मला वाटत नाही, आईला तर अजिबात वाटत नाही. "गिरणी आली त्या दिवशी मी पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपले," असं ती सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा मोकळा होतो. लोकगीतं लोप पावत असल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा ऐकावं. जात्याबरोबर ओवी गेली हे नुकसान खरंच आहे. पण त्या नुकसानाची भरपाई कुणा पोरीला पहाटे चारला उठवून करायची नाही, हे आधी ठरवून मग हळहळावं. गाणं हवं आणि जातं नको, हे म्हणायला लाजायचं कारण नाही. आईही तेच म्हणते.

तेव्हा माझी चूक ऐकवण्यात नव्हती, आनंद घेण्यातही नव्हती. ती प्रस्तावनेत होती, हे मला हळूहळू उमगलं.

ओवीतला 'मी' विचित्र असतो. 'मी म्हणते', 'माझी सासू', 'माझा भाऊ' असं सगळं प्रथमपुरुषी बोलणं; पण ती ओवी आईनं तिच्या आईकडून घेतलेली, तिनं शेजारणीकडून, शेजारणीनं माहेराहून आणलेली. म्हणणारीनं त्यात एखादा शब्द बदलला, एखादं गाव बदललं, झालं. अभंगाला नाममुद्रा असते. दळणकांडणाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या जनाबाईंच्या रचनेतही शेवटी जनी स्वतःचं नाव सांगते. ओवीत सांगत नाही. इंदिरा संतांनी ओव्यांचा मोठा संग्रह केला तेव्हा त्याला 'मालनगाथा' असं नाव दिलं. 'मालन' म्हणजे कोणतीही बाई, ओवी जिच्या तोंडी आहे ती.

हे निनावीपण म्हणजे बायकांवर झालेला अन्याय, असं मी पूर्वी मानत होतो. त्यात तथ्य आहे. साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' असो की सरोजिनी बाबर यांच्या पुढाकारानं लोकसाहित्य समितीनं काढलेले ग्रंथ असोत, त्या माणसांनी हे धन वाचवलं म्हणून आपल्याला ते आज वाचता येतं. पण रचणारी बहुधा पडद्याआडच राहिली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं, त्यात हे बदललं. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. २०१७पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा संग्रह लोकांसमोर ठेवते आहे. तिथं ओवीखाली बाईचं नाव असतं, गाव-तालुका-जिल्हा असतो, जात, वय, मुलं किती, काम काय, तेही असतं. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं. वाटलं, अखेर मालनला नाव मिळालं. गच्चीवर उभा राहून आईची ओळख करून देताना माझ्या मनात हेच पान होतं. मी तिला श्रेय देत होतो.

मग तिथं जे चांगलं ठरलं ते माझ्याकडे वाईट कसं ठरलं?

याचं उत्तर मला एका जुन्या संकल्पनेत सापडलं. 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला, हाल सातवाहनाच्या नावावर असलेला संग्रह खेड्यापाड्यांतल्या प्रेमाचा आहे. त्यात आणि नंतरच्या संस्कृत काव्यात चांदणं ही नेहमीच सुखाची गोष्ट नसते. चोरून भेटायला निघालेल्या बाईला चांदणं अडचणीचं असतं, कारण ते तिला उघडं पाडतं. काव्यशास्त्रानं तिच्यासाठी एक युक्तीही नोंदवून ठेवली आहे. चांदण्या रात्री निघणारी अभिसारिका पांढरं वस्त्र नेसते, मोती घालते, अंगाला चंदन लावते. ती अंधारात लपत नाही. उजेडाच्या रंगाची होऊन उजेडातून चालत जाते. कुणी पाहिलं तरी चांदणंच दिसतं.

ओवी हे ते पांढरं वस्त्र आहे. सासू ऐकते आहे हे सुनेला ठाऊक असतं. सासूलाही ठाऊक असतं की हे आपल्याला उद्देशून असू शकेल. पण ओवी जुनी आहे, सगळ्याच म्हणतात, सासूनंही तिच्या सासरी हीच म्हटलेली असते. त्यामुळे बोलणं होतं, आरोप होत नाही. सासूच्या मनात काही हललं तर हलतं, नाही तर ती म्हणते, आज गळा बरा लागला. समोर बसलेली नणंद दुसरी ओळ उचलू शकते, कारण ते तिच्या आईबद्दल नसतं. ते सासू नावाच्या गोष्टीबद्दल असतं, आणि ती तिलाही उद्या भोगायची असते. ज्या घरात एकमेकींना सोडून जायची सोय नाही, तिथं खरं बोलायचं आणि तरी उद्या एकाच चुलीपाशी बसायचं, यासाठी पिढ्यान्पिढ्या घासून गुळगुळीत झालेलं हे साधन आहे.

मी आईला श्रेय द्यायला गेलो आणि तिचं पांढरं वस्त्र ओढून काढलं. 'सासू'च्या जागी माझी आजी आली. 'मी'च्या जागी माझी आई आली. साठ वर्षं जी तक्रार सगळ्यांची होती, ती एका बाईनं एका बाईविरुद्ध केलेली फिर्याद झाली, आणि जिच्याविरुद्ध केली ती उत्तर द्यायला हयात नव्हती. आत्याला राग आला तो खोट्याचा नव्हता. आजी कडक होती हे तीही सांगते. तिला राग आला तो, ती स्वतः त्या फिर्यादीची साक्षीदार ठरली याचा. दुसरी ओळ तिनं म्हटली होती ना!

राईरकर-पॉइतवँ यांच्या संग्रहातली नावं मात्र अशी ओढून काढलेली नव्हती. ते काम गावांतल्या संघटनांमधून, तिथल्या बायकांबरोबर वर्षानुवर्षं राहून झालं; ओव्या गोळा करणाऱ्यांत गावच्या बायकाही होत्या. मला वाटतं, फरक इथं आहे. नाव द्यावं की झाकावं, यापैकी एकच गोष्ट कायमची बरोबर असते असं नाही. नाव हे श्रेय असू शकतं आणि ठपकाही. निनावी असणं म्हणजे कधी लूट असते, कधी आसरा. त्या ओवीपुरतं ते काय आहे, हे ठरवायचा अधिकार म्हणणारीचा. ऐकणाऱ्याचं प्रेम कितीही खरं असलं तरी त्याला तो मिळत नाही. आणि लेकाचं प्रेम तर याबाबतीत जास्तच धोक्याचं, कारण विचारायला हवं हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

इथं एक आक्षेप उरतो आणि तो मला सहज उडवता येत नाही. हे असं आडून बोलणं म्हणजे शेवटी अन्याय सोसण्याची सोय नव्हे का? ओवीनं वाफ निघून गेली, म्हणून जाच चालू राहिला. आरोप झाला असता, भांडण झालं असतं, तर कदाचित आईला पाच वाजेपर्यंत झोपायला मिळालं असतं. हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "भांडण बी व्हायचंच की. वव्या म्हणायचो म्हणून काय भांडायचं ऱ्हायलं व्हतं का?" म्हणजे ओवी भांडणाच्या बदली नव्हती. भांडणात जे बोलता येत नाही ते ओवीत जायचं: थकवा, आठवण, सासूचीही कधीकाळची सून असण्याची जाणीव. भांडणाला निकाल लागतो. या गोष्टींना निकाल नसतो, त्या फक्त कुणीतरी ऐकाव्या लागतात. तरीही माझा प्रश्न पुरता मिटलेला नाही. आडून बोलण्याची कला ज्यांना फार चांगली येते, त्यांना सरळ बोलायची संधी उशिरा मिळते, असं मला अजून वाटतं.

आमच्या मजल्यावर राहणारे एक कन्नड गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक, मूळचे विजयपूरकडचे. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे याला 'बीसुव पद' म्हणतात, दळण्याचं गाणं. त्यांच्या जिल्ह्यातल्या हलसंगी गावच्या मित्रमंडळींनी अशी गाणी गोळा करून 'गरतिय हाडु' नावाचा संग्रह केला. 'गरती' म्हणजे घरंदाज गृहिणी. मला गंमत वाटली. भीमेच्या एका काठाला मालन, दुसऱ्या काठाला गरती. दोन भाषा, जातं एकच, आणि दोन्हीकडे बाईला नाव देताना ते तिचं स्वतःचं नाव नाही. त्यांच्याकडे त्याच पुनवेला शीगी हुण्णिमे म्हणतात आणि शेताची पूजा करतात. आमच्या गच्चीवर ते दूध प्यायला येतात, आणि चंद्राकडे बघून पिकाची चौकशी केल्यासारखं काहीतरी पुटपुटतात.

कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे' असं विचारत फिरते म्हणतात. आमच्या गच्चीवरून खाली पाहिलं तर त्या वेळी जागे असलेले पुष्कळ दिसतात. फाटकावरचा रखवालदार, रात्रपाळीच्या गाड्यांचे चालक, पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेली मुलं. त्याच सुमाराला बीडकडच्या ऊसतोड कामगारांची कारखान्यांकडे निघायची तयारी चाललेली असते. कामाचा चंद्र संपलेला नाही, फक्त त्याखालचं काम बदललं आहे. त्यांचीही काही गाणी असतील, फोनमधली का होईनात. ती मी ध्वनिमुद्रित करणार नाही. करायची झालीच तर आधी विचारेन.

आत्या आता आईशी बोलते. सणावाराला फोन होतो. पण दोघींनी मिळून ओवी म्हटल्याचं मी त्यानंतर ऐकलेलं नाही. पूर्वी लग्नाघरी हळद दळायला बसल्या की त्या आपसूक सुरू व्हायच्या. गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नात जातं मांडलं, त्याला हळकुंड बांधलं, दोघी समोरासमोर बसल्या. आत्यानं खुंटा धरला, आईनं चार हळकुंडं टाकली, आणि दोघींनी गप्प दळलं. माझ्या कृत्याची शिक्षा काय, असं कुणी विचारलं तर मी ती शांतता सांगेन.

हा लेख लिहिण्याआधी मी दोघींना विचारलं. आत्या म्हणाली, लिही, पण आईला वाईट ठरवू नको. तिची आई, म्हणजे माझी आजी. तेव्हा इथं नोंदवतो, की पहाटे चारला उठवणारी आजी स्वतः साडेतीनला उठलेली असायची.

या लेखात ती ओवी कुठंच नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. ध्वनिमुद्रण पुसून टाकू का, असंही मी आईला विचारलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठेव. ऐकव बी कुणाला ऐकवायचं तर. पर कुणाची म्हणून विचारलं, तर म्हण, आमच्याकडं बाया असं म्हणायच्या."